खोल वाट्या

दांडी पडली तेव्हा लाज श्रीरंगला वाटली. ती दांडी त्याची नव्हती आणि ज्या लोखंडी वाट्यांवर ती टेकवली होती त्याही त्याच्या नव्हत्या, जुन्या होत्या, गंजलेल्या. पण आपल्या लोखंडकामाच्या धंद्यातली कुठलीही वस्तू डोळ्यांदेखत निसटली की त्याला असं व्हायचं, पाहुण्यांकडे गेल्यावर आपल्याच पोराच्या हातून कपबशी फुटावी तसं. घोड्याचा मागचा खूर दांडीला जेमतेम शिवला होता. टक्क आवाज आला, दांडी घरंगळली, मातीत पडून दोनदा डुलली आणि गप्प झाली. घोडा तोवर पुढे गेलाही होता. पाठीवर ऋतिका होती, श्रीरंगची मुलगी, यंदाच बारावी झालेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. घोड्याचं नाव कंदील. सगळं अंग काळं आणि कपाळावर तेवढा पांढरा ठिपका, म्हणून ठेवलेलं. रेसकोर्सवर होता तेव्हा त्याचं काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव होतं, ते त्याच्यासकट सगळे विसरले होते.

कुंपणाबाहेर श्रीरंगच्या शेजारी हंसा येऊन उभी राहिली, हातात चहाचा ट्रे. जागा तिची आणि तिच्या नवऱ्याची, शत्रुघ्नची, घोडेही त्यांचेच. श्रीरंगनं कप उचलला आणि पडलेल्या दांडीकडे हनुवटीनं खूण करत म्हणाला, "माझ्या वाट्या इथंपण लावल्या असत्या ना वहिनी, तर ही पडली नसती."

हंसा हसली. "पडायलाच पायजे ती, भाऊ. दांडी नाय पडली तर घोडा पडेल. आनि घोड्याबरोबर वर बसलेलं मानूसपन." एवढं बोलून ती मैदानाच्या आत उभ्या असलेल्या पाहुण्यांना चहा द्यायला गेली. बोलणं तिच्यासाठी तिथंच संपलं होतं.

श्रीरंगनं घोट घेतला, जीभ भाजली. सकाळी आठाच्या उन्हात त्याला आधी त्या वाक्याची गंमत वाटली, घोडेवाल्यांच्या घरातली म्हण असेल म्हणून. मग त्याची नजर आपोआप मैदानाच्या पार टोकाला गेली. तिथं केळींच्या कडेला शेवटचा अडथळा होता, सगळ्यांत उंच, उभ्या माणसाच्या छातीला येईल एवढा. दोन खांब आणि त्यांच्यावर आडवी लाल-पांढरी दांडी. बाकीच्या पाचही अडथळ्यांना जुन्या वाट्या होत्या. या एकाला त्याच्या. आज पाहुणे येणार, नव्या रंगाच्या वाट्या दिसायला बऱ्या, म्हणून शत्रुघ्ननं पहाटे उठून स्वतःच्या हातानं बसवल्या होत्या आणि श्रीरंग स्कूटरवरून उतरायच्या आत त्याला कौतुकानं दाखवल्याही होत्या. श्रीरंगला तेव्हा बरं वाटलं होतं. आता त्या वाक्याची गंमत वाटेना. त्यानं कप कुंपणाच्या पाइपवर ठेवला. हा पाइपही त्यानंच वेल्ड केलेला होता आणि तो वाकवायचा तर ट्रकच धडकवावा लागला असता.

गेल्या महिन्यात शत्रुघ्न सातिवलीला त्याच्या गाळ्यावर आला होता, खिशात एक जुनी वाटी घेऊन. अशाच नव्या पाहिजेत म्हणाला. श्रीरंगचा गाळा ग्रिलचा, गोडाऊनच्या रॅकचा, एसीच्या ब्रॅकेटचा. घोड्यांचं सामान त्यानं कधी केलं नव्हतं. कुंपण तेवढं करून दिलं होतं, त्याच्या बदल्यात ऋतिका इथं शिकत होती. वाटी कसली, चेपलेली बशीच होती ती, इतकी उथळ की तिच्यात गोटीसुद्धा नीट राहिली नसती. श्रीरंगला वाटलं, वर्षानुवर्षं खुरांच्या लाथा खाऊन पसरली असणार. झिजलेला नमुना आला तर झिजलेली वस्तू करायची नसते, मूळची करायची असते, हे तो कामाच्या पोरांना उठता बसता सांगायचा. त्यानं दांडीचा घेर घेतला आणि अर्धी दांडी आत बसेल एवढी खोल वाटी केली. काठाला थोडं आत वळण दिलं. दांडी वरून ठोकली की टप्पकन बसायची आणि काढायची तर दोन्ही हातांनी पिळून सरळ वर उचलावी लागायची. खालून लाकडी हातोडा मारून पाहिला, दांडी निघाली नाही, खांबच हलला. पोरं हसली. शेठ, ही काढायला आता क्रेन बोलवा, एकजण म्हणाला. श्रीरंगनं ते शाबासकीसारखं घेतलं होतं.

शिवाय त्याच्या मनात आणखी एक गोष्ट होती आणि ती त्यानं कोणाला सांगितली नव्हती. स्पर्धेत दांडी पडली की चार गुण जातात, हे ऋतिकानंच एकदा जेवताना सांगितलं होतं. उडी मारली आणि दांडी जागेवर राहिली तर काही नाही, पडली तर चार गेले. काठाला आत वळण देताना त्याच्या डोक्यात ते चार गुण होते. लागला खूर, लागू दे. दांडी पडलीच नाही तर जातील कसे? बापानं परीक्षेच्या खिडकीतून कॉपी पुरवावी तसला हा विचार आहे, हे त्याला कळत होतं, आणि तरी वळण देताना तो मनातल्या मनात हसत होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आता म्हणावं, तर मारुतीसुद्धा बरा. मारुती निदान कोणाला आडवा येत नाही.

सांगायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. कुंपणाच्या फाटकापाशी जायचं, ऋतिकाला शिकवणाऱ्या ॲन्सेल्म सरांना हाक मारायची आणि म्हणायचं, सर, शेवटच्या अडथळ्याच्या वाट्या बदला, माझं चुकलंय. ॲन्सेल्म सर तिथंच होते, मैदानाच्या मध्यभागी, डोक्यावर जुनी हॅट, पुण्याहून आलेल्या दोघांशी बोलत. साधा माणूस होता, रागावला नसता. नुसतं हाक मारायचं काम, आणि तेवढंच श्रीरंगला करता येत नव्हतं, कारण त्यानं शब्द दिला होता.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ऋतिका याच मैदानात कंबरेएवढ्या दांडीवरून उडी घेत होती आणि श्रीरंग असाच पाइपला धरून उभा होता. घोडा अडथळ्याच्या दोन ढांगांवर आला आणि श्रीरंगच्या तोंडून निघून गेलं, जपून. फार मोठ्यानं नाही. पण कंदिलाचा एक कान त्याच्याकडे वळला. कान जिथं, घोडा तिथं, असं ॲन्सेल्म सर म्हणायचे, आणि कान श्रीरंगकडे आला तसा घोडा दांडीसमोर थबकला, ऋतिका त्याच्या मानेवरून पुढे गेली आणि खांद्यावर पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं. ती पट्टा बांधून घरी होती तेवढे सगळे दिवस तिनं त्याच्याशी जेवणाखाण्यापलीकडे बोलणं केलं नाही, आणि तिला दोष तरी कसा द्यायचा? बरी होऊन पुन्हा घोड्यावर बसायला निघाली त्या सकाळी गोखिवऱ्याच्या घरात दारात बूट घालता घालता तिनं त्याला सांगितलं, "यायचं असेल तर ये. पण कुंपणाच्या बाहेर उभं राहायचं. एक शब्द नाही, हाक नाही, खोकलायचं पण नाही. मला माहितीय तू मला घाबरवायला नाही ओरडलास. पण मी वर असते तेव्हा तुझी भीती माझ्या पाठीवर बसते बाबा, आणि कंदिलाला दोघांचं वजन होतं." त्यानं हो म्हटलं. स्वयंपाकघरातून त्याची बायको आशालता म्हणाली, "तुम्ही आणि गप्प? बघूया." ती स्वतः कधी मैदानावर येत नसे. देवापुढे निरांजन लावायची आणि ऋतिकाचा फोन येईपर्यंत गॅस पुसत राहायची, एकच गॅस, पुन्हा पुन्हा.

त्या दिवसापासून श्रीरंगनं शब्द पाळला होता. इतका की घोडे खिंकाळले तरी तो तोंडावर हात धरायचा. आणि त्यात त्याला एक नवी गोष्ट कळली होती, की गप्प उभं राहिलं की पोरगी दिसते. पूर्वी त्याला नुसतं पडणं दिसायचं. आता तिची पाठ दिसायची, कोपर दिसायचे, उडीआधी ती घोड्याच्या मानेवर दोन बोटं ठेवायची ते दिसायचं. ही आपली मुलगी आहे आणि आपल्याला न विचारता एवढी झाली, असं वाटून त्याचे डोळे भरून यायचे आणि ते पुसायलासुद्धा तो हलायचा नाही.

आज तर गप्प राहायलाच हवं होतं. पुण्याकडच्या एका घोडेस्वारीच्या शाळेतून ती दोघं आली होती, एक टोपीवाली बाई आणि तिच्याबरोबरचा माणूस. त्यांनी ऋतिकाला घेतलं तर ती जूनमध्ये तिकडे जाणार, तिथंच राहणार, चांगल्या घोड्यांवर बसणार. नाही घेतलं तर हे मैदान, आणि मैदान किती दिवस? केळी आणि भाजीची वाडी होती ही शत्रुघ्नच्या बापाची. बाप लग्नाच्या वरातींना घोडी भाड्यानं द्यायचा, मुलानं रेसकोर्सवरून काढलेले घोडे आणून शाळा काढली. इथं उमेळ्यात आता वाडीच्या तीन बाजूंनी इमारती उभ्या होत्या, हिरवी जाळी लावलेल्या, आणि चौथ्या बाजूनं खाडीचा वारा तेवढा मोकळा येत होता. शत्रुघ्नचे भाऊ विकायच्या गोष्टी बोलतच होते. पोरीला आयुष्यात हवी असलेली ही एकच गोष्ट आणि ती मागायला आलेल्या माणसांसमोर बापानं जाऊन सांगायचं, की थांबा, माझ्या कामात खोट आहे. बाईच्या मनात पहिलं काय येईल? की इथं सगळं असंच असणार, घरगुती, वरातीच्या घोडीसारखं. श्रीरंगनं पाइप आणखी घट्ट धरला. आपलं ठेवायचं झाकून हे त्याला पटत नव्हतं, पण हात सुटत नव्हता.

आणि खूर लागेलच कशाला? हा वकील त्याच्या आत केव्हाचा बोलत होता. कंदील चांगला उडतो. आत्ता लागला तो अंग गरम करताना, आळसात. घोड्याची ताकद काय सांगावी, ऋतिकानं एकदा घरातल्या भिंतीवर पेन्सिलीनं खूण करून दाखवली होती, खुर्चीवर चढून, पंख्याच्या पात्यांच्या जवळपास. दोन मीटर सत्तेचाळीस. एकोणीसशे एकोणपन्नास साली एक घोडा एवढं उडालाय, तिकडे चिलीमध्ये, अजून कोणाला मोडता आलेलं नाही. आशालता म्हणाली होती, भिंत रंगवायची कोणी? ऋतिका खुर्चीवरून खाली आली नव्हती. ती म्हणत होती, पण गंमत काय आहे माहितीये, घोडा मुळात उडी मारणारा प्राणीच नाही. मोकळा सोडला आणि वाट असली तर तो वळसा घालून जातो. त्याला पटवावं लागतं. आधी दांड्या जमिनीवर ठेवायच्या, त्यांच्यावरून नुसतं चालवायचं. मग दोन दांड्या फुलीसारख्या, मधे गुडघ्याएवढ्या. मग एक आडवी. मग तीच थोडी वर, आणि पुन्हा खाली, आणि पुन्हा वर. महिने जातात.

एवढे महिने कशाला, असं त्यानं ॲन्सेल्म सरांना एकदा विचारलं होतं, उंची शिकवायला एवढा वेळ लागतो का म्हणून. सर घोड्याच्या पायाला तेल चोळत बसले होते. म्हणाले, "उंची शिकवायची नसते, श्रीरंगभाऊ. ती देवानं दिलेलीच असते त्याला. शिकवायचं ते एवढंच, की लागलं तरी चालतं. दांडी पडते, आवाज होतो, आपल्याला काही होत नाही. हे त्याला एकदा पटलं की तो उंच जातो. नाही पटलं तर गुडघ्याएवढ्यालापण थांबतो." श्रीरंगला तेव्हा ते रविवारच्या प्रवचनातलं काहीतरी वाटलं होतं आणि त्यानं मान हलवून सोडून दिलं होतं. आता त्यातला शब्द न् शब्द परत येत होता. घोड्याचा सगळा विश्वास त्या दांडीच्या पडण्यावर उभा होता आणि त्यानं नेमकं तेच काढून घेतलं होतं, वर रंग देऊन.

पडणं त्याला कधीच बघवलं नव्हतं. त्याला कारण होतं. लग्नाआधी तो आणि धाकटा भाऊ संकेत मिळून नालासोपाऱ्याला ग्रिल बसवायची कामं घ्यायचे. एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर संकेत बाहेरच्या बाजूला क्लॅम्पवर पाय ठेवून उभा होता आणि तो क्लॅम्प भिंतीतून निघून आला. खाली वाळूचा ढीग होता म्हणून वाचला. पण त्याच्यातलं काहीतरी त्या ढिगातच राहिलं. गावी गेला तो परत आला नाही. आता राजापूरकडे घरी असतो, बागेत काम करतो, पण स्वतः पोफळीवर चढत नाही, सुपारी काढायला माणूस बोलावतो आणि तो चढत असताना घरात जाऊन बसतो. क्लॅम्प श्रीरंगनं बसवला नव्हता, दुसऱ्याच कोणी बसवला होता. तरी तेव्हापासून जिथं दोन बोल्ट पुरतील तिथं तो चार मारायचा. गोखिवऱ्याच्या घरातलं देवघर त्यानं असं ठोकलं होतं की भाड्यानं घेतलेलं असतं तर घर सोडताना भिंत बरोबर न्यावी लागली असती, असं आशालता म्हणायची. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं. पण त्यानं तर थंड पाणीसुद्धा फुंकून फुंकून सगळ्यांना पाजलं होतं, पोरीलाही. सायकलला मागची दोन चाकं ती सहावीत जाईपर्यंत. पोहायला पाठवलं ते तरंगणारा पट्टा बांधून. आणि आज शेवटी छातीएवढ्या उंचीवर एक दांडी अशी बसवली की ती पडणार नाही.

ॲन्सेल्म सरांनी हात वर केला. पडलेली दांडी शत्रुघ्ननं उचलून जागेवर ठेवली. पाहुणी बाई केळींच्या बाजूला सरकली, शेवटच्या अडथळ्याच्या अगदी जवळ, नीट दिसावं म्हणून. ऋतिकानं घोडा वळवून सुरुवातीला आणला. आता तरी. श्रीरंगनं तोंड उघडलं आणि त्याच वेळी ऋतिकानं त्याच्याकडे पाहिलं. हेल्मेटखाली तिचे डोळे एवढेसे दिसत होते, आणि ते विचारत होते, आहेस ना तिथंच? बाहेरच आहेस ना? त्यानं तोंड मिटलं. तिनं घोड्याला टाच दिली.

पहिला अडथळा गेला, दुसरा गेला. कंदील लयीत पळत होता, त्याच्या श्वासाचा फर्र फर्र आवाज ढांगेढांगेला कुंपणापर्यंत येत होता. तिसऱ्याला मागचा खूर पुन्हा शिवला, दांडी वाटीत थरथरली आणि राहिली. म्हणजे लागतोय. आजही लागतोय. चौथा. पाचवा. मग मोठा वळसा घेऊन शेवटच्याकडे. इथून ओरडलं तर कान वळेल आणि घोडा थबकेल, आणि या वेगात थबकला तर ती गेल्या वेळेपेक्षा वाईट पडेल. नाही ओरडलं आणि खूर लागला तर दांडी जागची हलणार नाही, घोडा तिच्यावर अडकून पुढे कोलमडेल, तिच्या अंगावर. वेळ होती तेव्हा त्यानं गप्प राहायचं ठरवलं नव्हतं, फक्त बोलायचं पुढे ढकललं होतं. आता बोलण्यातच धोका होता. ऋतिकानं दोन बोटं मानेवर ठेवली. अगदी जवळ आल्यावर घोड्याला दांडी दिसत नाही, हेही तिनंच सांगितलं होतं, जेवणाच्या ताटात चमचा आडवा ठेवून. त्याचे डोळे बाजूला असतात बाबा, नाकापुढचं त्याला दिसत नाही. लांबून बघून ठेवलेलं असतं, त्या आठवणीवर तो उडतो. श्रीरंगला वाटलं, आत्ता या क्षणी कंदिलाला काय आठवत असेल? आयुष्यात पाहिलेली प्रत्येक दांडी, आणि प्रत्येक दांडी पडणारी.

घोडा उडाला. श्रीरंगनं डोळे मिटले नाहीत, तेवढंही त्याच्याच्यानं झालं नाही. पोट दांडीवरून गेलं, मागचे पाय पोटाशी दुमडले, मधे एक वीतभर उजेड दिसला, आणि पलीकडे चारही पाय मातीत. केळींची पानं हलली. पाहुण्या बाईनं टाळ्या वाजवल्या, एकटीनंच, मग शत्रुघ्ननं, मग ट्रे काखेत धरून हंसानं. श्रीरंगनं पाइपवर कपाळ टेकलं. पाइप गार होता. झालं. सुटलो. त्याच्या मनात पहिला शब्द हाच आला, आणि सुटलो म्हणजे कोण, पोरगी की मी, हे विचारायची त्याला हिंमत झाली नाही.

ऋतिका घोड्याला चालवत सरळ त्याच्याकडे आली. कंदिलाच्या अंगातून वाफ निघत होती, तोंडाला फेस आला होता. ती वाकली आणि कुंपणावरून हात लांब करून तिनं श्रीरंगचा खांदा धरला. असं तिनं कितीतरी वर्षांत केलं नव्हतं.

"बाबा, तू बोलला नाहीस," ती म्हणाली. धाप लागली होती, हसत होती. "मला वाटलेलं शेवटच्या जंपला तू नक्की ओरडणार. वळताना मी बघितलं तुझ्याकडे. तू एकदम शांत उभा होतास. मग मीपण शांत झाले. थँक्स बाबा. खरंच. आज पहिल्यांदा मला वाटलं, तुला माझी खात्री आहे."

श्रीरंगनं मान हलवली. खोटं बोलायला जीभ लागतेच असं नाही. तिच्या हाताचा घाम शर्टातून खांद्यापर्यंत आला आणि तिथं जळजळलं. आपण भ्यालो होतो आणि आपल्या पोरीनं ती भीती विश्वास म्हणून घेतली, जन्मात पहिल्यांदा बापाकडून काहीतरी मिळालं म्हणून घेतली. आता सांगितलं तर ते परत काढून घ्यायचं. तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्याएवढ्याच उंचीवर आला होता, घामानं चमकत होता, लहानपणी तापातून उठायची तेव्हा दिसायचा तसा. राहू दे, त्याला वाटलं. झालं ते झालं. दुपारी शत्रुघ्नला बाजूला घेऊन वाट्या उतरवू, काहीतरी कारण सांगू. कोणाचंच काही बिघडणार नाही.

तेवढ्यात पाहुणी बाई ॲन्सेल्म सरांना काहीतरी म्हणाली आणि सरांनी इकडे बघून आवाज दिला, "बाय, मॅडम विचारतात, दांडी खांबाचं एक भोक वर घेऊन दाखवशील का? शेवटचाच तेवढा. घोडा दमलाय, मी सांगितलं त्यांना. नाही म्हणालीस तरी चालेल."

"दाखवते सर," ऋतिका म्हणाली आणि तिचा हात श्रीरंगच्या खांद्यावरून निघालाही होता.

"ऋतू," तो म्हणाला. ती घोडा वळवून गेली होती. केळींच्या कडेला शत्रुघ्न खांबाची खीळ काढत होता, एक बाजू वर, मग दुसरी बाजू वर, दांडी वाट्यांमध्येच राहिली होती आणि वाट्यांबरोबर वर सरकत होती. शत्रुघ्ननं लांबून श्रीरंगकडे बघून अंगठा दाखवला. "काय बसतेय, श्रीरंगभाऊ," तो ओरडला. "आधी वर घेताना दरवेळी पडायची. आता बगा. हालत नाय."

घोडा दमला होता. त्याच्या चालीत ते दिसत होतं, मागचा पाय जरा ओढत होता. ऋतिकाला ते दिसत नव्हतं, ती वर होती, आनंदात होती, आणि तिच्या पाठीवर आज कोणाचीच भीती नव्हती. श्रीरंग पाइपखालून वाकला. कंबर लागली, शर्ट अडकला, त्यानं तो ओढला. पळायचं नाही, घोडा बुजेल, एवढं त्याला भान होतं. तो चालत निघाला, मैदानाच्या आत, मऊ भुसभुशीत मातीत. या मातीवर त्याचं पाऊल कधी पडलं नव्हतं. ॲन्सेल्म सर म्हणाले, "श्रीरंगभाऊ, आत नाही, आत नाही." त्यानं ऐकलं आणि चालत राहिला. समोरून ऋतिकानं वळसा पुरा केला होता आणि ती सरळ रेषेत येत होती. तिला तो दिसला. घोड्याचे दोन्ही कान त्याच्याकडे वळले. तिचं हसणं गेलं, आणि ते जाताना त्याला पुरतं दिसलं. अडथळ्यापाशी पोचल्यावर त्यानं दोन्ही तळव्यांनी दांडी पुढे ढकलली. ती पडली नाही. खालून मूठ मारली. खांब करकरला, दांडी जागेवर. पिळून वर उचलली असती तर निघाली असती, पण त्याला ती पडायला हवी होती. त्यानं खांदा लावला. त्याच्या हातचं काम होतं, चोख होतं, कुठंच हलत नव्हतं.

ऋतिकानं लगाम खेचला. कंदील चार ढांगांवर थांबला, फुरफुरला.

"काय करतोयस तू?" ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पाडतोय," श्रीरंग म्हणाला.

"बाबा, लोक बघतायत. प्लीज. तू प्रॉमिस केलेलंस."

"ही पडत नाही, ऋतू. मी अशी केलीय की ती पडत नाही." त्यानं पुन्हा धक्का दिला. दांडीच्या लाल रंगाचा डाग तळव्याला लागला होता. पाहुणी बाई दोन पावलं मागे सरकली. ॲन्सेल्म सर लगबगीनं आले, त्याला दटावायला तोंड उघडलं, आणि मग त्यांची नजर वाटीवर गेली. त्यांनी वाकून काठावरून बोट फिरवलं, आत वळलेल्या कडेवर बोट थांबलं. त्यांनी हॅट काढली आणि कपाळ, छाती, दोन्ही खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण केली.

ऋतिका हे सगळं घोड्यावरून बघत होती. सरांचं बोट, वाटी, बापाचे हात. मग तिनं मान वळवून मघाशी ज्यावरून दांडी पडली त्या जुन्या, उथळ वाट्यांकडे पाहिलं. तिला समजावून सांगायची गरज नव्हती, ती या मैदानात शिकलेली होती. ती सावकाश खाली उतरली आणि लगाम हातात धरून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. हेल्मेट काढलं नाही.

"मघाशी," ती म्हणाली, "मी पहिल्यांदा आले तेव्हा तुला माहीत होतं?"

कंदिलानं मान खाली घालून दांडीचा वास घेतला. श्रीरंगला वाटलं, एकच शब्द आहे, आणि तो मघाशीच बोलायचा होता.

"हो," तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी दांडी ढकलत राहिला.